दिवाणाखालचा तांबडा बुलडोझर

तुमच्या घरात असं एखादं कपाट आहे का हो, जे पुसायचं तुम्ही, पण ज्यातली वस्तू इकडची तिकडे करायची मात्र तुम्हाला परवानगी नाही? कुणाकडे जुनी नाणी असतात, कुणाकडे पोस्टाची तिकिटं, कुणाकडे काडेपेटीवरची चित्रं. आमच्या समोरच्या वहिनींकडे गाड्या होत्या. खऱ्या नव्हेत, वीतभर लांबीच्या, ओतीव धातूच्या. त्यातही मोटारी आणि बसगाड्या थोड्या. रोड रोलर, क्रेन, मातीचे डंपर आणि बुलडोझर यांचाच भरणा जास्त. "बाकीच्यांच्या शोकेसमध्ये बाहुल्या आणि ताजमहाल, आमच्याकडे पीडब्ल्यूडीचं गोडाऊन," असं वहिनी हसून म्हणायच्या.

त्यांचे यजमान, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो, पाटबंधारे खात्यात यांत्रिकी बाजूला होते. उमेदीची वर्षं जायकवाडी धरणावर गेली. ते गेले २०२२ साली. वर्षश्राद्ध झालं आणि मुलाने वहिनींना पुण्याला न्यायचं ठरवलं. दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यात सून नोकरी करणारी, नाशिकच्या घरातलं काय काय नेणार? एक दिवस वहिनी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "ह्यांच्या गाड्यांचं काय करू गं?"

मी काय सांगितलं ते लिहायला आज लाज वाटते. मी म्हटलं, "अहो वहिनी, धूळ खात पडलेलं आहे सगळं. देऊन टाका नि मोकळ्या व्हा." इतकंच नाही, आमच्या नेहमीच्या भंगारवाल्याला हाकही मीच मारली. त्याने गाड्या पोत्यात भरल्या, काट्याला लावल्या. धातू म्हणून धातूचा भाव, आणि नानांनी माळ्यावर नीट रचून ठेवलेली त्यांची रिकामी खोकी रद्दीच्या भावाने. सगळे मिळून चारशे दहा रुपये आले. भंगारवाल्याला दोष देत नाही मी. त्याने वजन चोख केलं. वहिनींनी पैसे पदराच्या टोकाला बांधले आणि दोन दिवसांनी त्या पुण्याला गेल्या.

त्या दिवाळीला घराची झाडलोट करताना आमच्या दिवाणाखाली खडखड आवाज आला. झाडूबरोबर बाहेर आला तो एक तांबडा बुलडोझर. माझा चार वर्षांचा नातू वहिनींकडे खेळायला जायचा, तेव्हा नाना त्याला मांडीवर घेऊन कपाट उघडायचे. तिथूनच कधीतरी तो हा उचलून घेऊन आला असणार आणि विसरला असणार. रंग कोपऱ्यांवर उडालेला, रबरी पट्टा एका बाजूने तडकलेला. पण बाजूची चिमुकली दांडी दाबली की पुढचं पातं अजून वरखाली होत होतं.

भाऊबिजेला माझा भाचा मुंबईहून आला होता. त्याने तो हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाला, "मावशी, हा कुठून आणलास?" त्याच्या पोटावर इंग्रजीत कोरलेलं होतं: डिंकी सुपरटॉइज, ब्लॉ-नॉक्स बुलडोझर, मेकॅनो लिमिटेड, मेड इन इंग्लंड. "ह्याचं खोकं आहे का?" त्याने विचारलं.

खोकं! ते तर रद्दीत गेलं होतं. अशा जुन्या मॉडेलची जी किंमत येते, त्यात त्याच्या मूळ खोक्याचा वाटा इतका मोठा असतो की, खोक्यासकट असलेलं खेळणं बिनखोक्याच्या खेळण्याहून कधी कधी दुपटीनेही जास्त देऊन जातं, असं भाचा सांगत होता. मी ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर ते पोतं येत होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मग मी हट्टाला पेटले. म्हटलं, आपण काय घालवलं ते निदान कळू तरी दे. भाच्याने पुस्तकं आणून दिली, मी चष्मा लावून वाचत बसले. आमचे हे म्हणाले, "एवढा अभ्यास मॅट्रिकला केला असतास तर!" केला होता म्हटलं, तुम्हाला मार्कं दाखवलेली नाहीत एवढंच.

बुलडोझर म्हणजे जेसीबी नव्हे

पहिल्यांदा आपला एक घोटाळा दूर करू या. हल्ली रस्त्यावर कुठलंही पिवळं यंत्र दिसलं की आपण त्याला जेसीबी म्हणतो. जेसीबी हे कंपनीचं नाव. आपण रोज बघतो ते रबरी चाकांचं, पुढे माती भरायचा डबा आणि मागे खणायचा हात असलेलं यंत्र. बुलडोझर वेगळा. त्याला चाकं नसतात, लोखंडी पट्टे असतात. धरणावरची माणसं त्याला 'चेनचा डोझर' म्हणतात. पुढे एक रुंद, जाड पोलादी पातं. काम एकच, माती ढकलायची आणि पसरायची. गंमत म्हणजे सुरुवातीला बुलडोझर हे नाव यंत्राचं नव्हतंच, त्या पुढच्या पात्याचं होतं. ट्रॅक्टरला लावायच्या अशा पात्याचं पेटंट अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या जेम्स कमिंग्ज आणि अर्ल मॅक्लाउड या दोघांना १९२५ साली मिळालं. त्यातला एक शेतकरी, दुसरा नकाशे काढणारा.

पट्ट्यांची कथा त्याच्याही आधीची. कॅलिफोर्नियात स्टॉक्टनजवळची जमीन इतकी भुसभुशीत की ट्रॅक्टरची लोखंडी चाकं रुतून बसायची. बेंजामिन होल्ट नावाच्या गृहस्थांनी १९०४ साली चाकं काढून त्या जागी फळ्यांचा फिरता पट्टा बसवला. यंत्र स्वतःच स्वतःपुढे रस्ता अंथरत चाललं. आपण चिखलातून जाताना फळी टाकतो ना, तशीच युक्ती. ते चालताना कुणाला सुरवंटासारखं दिसलं, म्हणून कॅटरपिलर हे नाव पडलं असं सांगतात. १९२५ साली होल्ट आणि बेस्ट या दोन कंपन्या एकत्र होऊन कॅटरपिलर कंपनी झाली. तिची यंत्रं आधी करड्या रंगाची असत. आपल्या डोळ्यांत बसलेला तो पिवळा रंग १९३१ च्या अखेरीला आला.

आपल्याकडे सरकारी भारत अर्थ मूव्हर्स ही कंपनी १९६४ साली बंगळुरूला निघाली आणि तिने जपानच्या कोमात्सु कंपनीच्या सहकार्याने बुलडोझर बनवले. तेच काय ते, बाकी यंत्रांच्या इतिहासात मी तुम्हाला जास्त शिरवत नाही. पण जायकवाडीबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण त्याशिवाय नानांचं कपाट समजायचं नाही. पैठणच्या धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. धरण मातीचं, लांबी सुमारे दहा किलोमीटर. मातीचं धरण म्हणजे नुसता ढीग नव्हे. माती आणून टाकायची, बुलडोझरने तिचा पातळ थर पसरायचा, त्यावर रोलर फिरवून दाबायचा, मग पुढचा थर. बेसनाच्या वड्यांचं सारण ताटात थापतो त्याच पद्धतीने, फक्त ताट दहा किलोमीटर लांब आणि वडी दहा-बारा मजल्यांइतकी उंच! नानांनी अशी वर्षं काढली. पुढे बढती मिळून ते टेबलावर बसले. मुंबईला हेड ऑफिसच्या कामाला गेले की संध्याकाळी चोर बाजारात चक्कर मारायचे आणि एखादं खेळणं घेऊन यायचे. वहिनी विचारायच्या, "केवढ्याला?" नाना सांगायचे, "फुकट मिळालं असं समज." इथेच सगळी चूक झाली, पण ते पुढे येईलच.

लिव्हरपूलच्या बायकांनी जोडलेला

तर हा ब्लॉ-नॉक्स बुलडोझर. ब्लॉ-नॉक्स ही मूळची अमेरिकेतल्या पिट्सबर्गची कंपनी, आणि खेळणं बनवणारी मेकॅनो ही इंग्लंडमधल्या लिव्हरपूलची. मेकॅनोचा खेळ तुमच्यापैकी पुष्कळ जणींच्या भावांकडे असेल. भोकं पाडलेल्या पट्ट्या आणि नटबोल्ट, जे आपल्याला झाडताना पायाखाली टोचायचे. त्याच फ्रँक हॉर्नबी यांच्या कंपनीने १९३० च्या दशकात डिंकी नावाने छोट्या ओतीव गाड्या काढल्या. १९४९ साली त्यांनी हा बुलडोझर बाजारात आणला, नंबर ५६१. पुढे त्याचाच नंबर ९६१ झाला. सुरुवातीचे तांबडे, नंतरचे पिवळे. १९६४ पर्यंत तो बनत होता. म्हणजे आमच्या दिवाणाखाली सापडलेला तांबडा हा आधीच्या पिढीतला. नंतरच्या वर्षांत त्याचं खोकं निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं असे. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची खोकी त्या रद्दीत होती. मला चांगली आठवतात. मीच ती सुतळीने बांधून दिली.

लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरच्या या कारखान्यात काम करणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी होती, हे वाचून मला नवल वाटलं आणि नवल का वाटावं असंही वाटलं. बारीक हातांचं काम म्हटलं की ते आपल्याकडेच येतं, मग ते पापड असोत, विड्या असोत की बुलडोझर. वितळलेला धातू पोलादी साच्यात दाबाने भरायचा, थंड झाला की कडा साफ करायच्या, रंगाचा फवारा मारायचा, पट्टे चढवायचे, खोक्यात भरायचं. सगळं मापात आणि घाईत. कितीतरी जणी तिथे लग्नाआधी लागल्या, मुलं मोठी झाल्यावर परत कामावर आल्या. ३० नोव्हेंबर १९७९ ला हा कारखाना बंद झाला. बंद होत असल्याचं कामगारांना त्याच दिवशी सांगितलं गेलं. कामगारांनी चिडून कारखान्यात ठाण मांडलं, पण तो पुन्हा काही सुरू झाला नाही. आपल्या गिरणगावाची आठवण झाल्याशिवाय राहते का?

लंडनची दुसरी एक कंपनी लेस्नी. लेस्ली आणि रॉडनी या दोन शाळासोबत्यांनी १९४७ साली ती काढली, दोघांच्या नावांतून लेस्नी हे नाव जुळवलं. त्यांच्याही पहिल्या खेळण्यांत बुलडोझर आणि रोड रोलर होतेच. लढाईत पडझड झालेलं शहर, जिकडेतिकडे बांधकामं, मुलांना रोज डोळ्यांसमोर जे दिसतं तेच खेळायला हवं असायचं. त्यांचे भागीदार जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत नियम होता की काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायचं. बापाने लेकीसाठी काडेपेटीत बसेल असा पितळी रोड रोलर करून दिला. त्यातूनच १९५३ साली मॅचबॉक्स गाड्या निघाल्या. अठराव्या नंबरचा कॅटरपिलर बुलडोझर १९५६ साली त्यात आला, बोटभर लांबीचा. लेस्नीचं दिवाळं वाजलं ते १९८२ साली.

या गोष्टीला आपल्याकडचाही एक धागा आहे बरं का. डिंकीने जुने झालेले काही मोटारींचे साचे भारतात विकले आणि त्यावरून कलकत्त्याला 'निकी टॉइज' नावाने गाड्या बनू लागल्या. डिंकीची झाली निकी! तेव्हा तुमच्या माळ्यावरच्या एखाद्या पत्र्याच्या डब्यात जुनी जड मोटार असेल, तर उलटी करून पोटावरचं नाव एकदा वाचा.

पन्नासात एक

आता नव्या मॉडेलांविषयी. हल्ली ज्यांना हा नाद आहे ते बहुतेक 'एकास पन्नास' मापाची मॉडेलं घेतात. जर्मनीतलं न्युरेंबर्ग हे खेळण्यांचं माहेरघर, तिथली एनझेडजी कंपनी १९६८ सालची, आणि जवळच कॉनराड. यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या आपल्या मोठ्या गिऱ्हाइकांना भेट द्यायला अशी मॉडेलं करून घेत असत. डायरी आणि पेन देतात ना, तसंच, फक्त भारी. त्यातूनच संग्रह करणाऱ्यांची जमात वाढली. ही खेळणी नव्हेत हे आधी लक्षात घ्या. लहान मुलांसाठी नाहीत असं खोक्यावरच लिहिलेलं असतं. पट्ट्याची एकेक कडी वेगळी, पाठीमागचा जमीन उकरणारा दात वरखाली होणारा, इंजिनाच्या जाळ्या सुद्धा जिथल्या तिथे.

'एकास पन्नास' म्हणजे काय, हे मला एका हिशेबाने कळलं. तुम्हीही करून पाहा. कॅटरपिलरचा सगळ्यात मोठा बुलडोझर डी ११, पुढच्या पात्यापासून मागच्या दातापर्यंत साडेदहा मीटरच्या आसपास. त्याला पन्नासने भागलं तर एकवीस सेंटिमीटर, म्हणजे आपली वीतभर. पण वजनाचं गणित तसं नाही. लांबी पन्नासपट कमी, रुंदी पन्नासपट कमी, उंचीही पन्नासपट कमी. पन्नास गुणिले पन्नास गुणिले पन्नास, म्हणजे सव्वा लाखपट. खरा डी ११ शंभर टनांहून जास्त भरतो, म्हणजे एक लाख किलो. त्याला सव्वा लाखाने भागलं की आठशे ग्रॅम! हातात धरून बघा, किलोच्या आत बसणारं ते वजन म्हणजे शंभर टनांचं माप आहे. हा हिशेब मी यांना सांगितला, तेव्हा पेपर बाजूला ठेवून त्यांनी कागद-पेन्सिल मागितली आणि पडताळून पाहिला. बरोबर आला.

जुन्या डिंकीत हे काटेकोर माप नव्हतं. खोक्यात बसेल, मुलाच्या हातात मावेल, तेवढं बेतायचं. मला विचाराल तर मला तोच जास्त आवडतो. त्याच्यावर बसलेला तो छोटा ड्रायव्हर कुणाकडेही न बघता समोर बघत असतो.

पुसायचं कसं?

हा भाग तुमच्यासाठी मुद्दाम, कारण मी यात आधी चुकले आहे. बुलडोझर सापडला त्या दिवशी मी त्याला साबणाच्या पाण्यात बुडवून घासायला घेतलं होतं. भांड्यांची सवय. भाच्याने पाहिलं नसतं तर उरला सुरला रंगही गेला असता. तेव्हा चिंच नको, लिंबू नको, पितळ उजळायची पावडर तर मुळीच नको. आतला धातू पितळ नव्हेच. तो मुख्यतः जस्त, त्यात सुमारे चार टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि किंचित तांबं व मॅग्नेशियम असा मिश्रधातू असतो. नेलपॉलिश काढायचं औषध रंगही काढतं. खोबरेल तेल लावून चमकवायचा मोह होतो, पण त्यावर धूळ बसते आणि रबर खराब होतं.

चित्रकलेचा मऊ रुंद ब्रश घ्या, पावडर लावायचा ब्रश जुना झाला असेल तर तोही चालेल. कोरडी धूळ आधी झाडा. फडकं वापरू नका, त्याचे धागे कडीत अडकतात आणि एखादा भाग तुटून येतो. चिकट मळ असेल तिथेच कापसाचा बोळा कोमट पाण्यात बुडवून पिळून फिरवा आणि लगेच टिपा. उचलताना पातं किंवा वरचं छप्पर धरून उचलू नका. मांजराच्या पिल्लासारखं खालून दोन्ही हातांनी उचला.

पावसाळ्यात खरी कसोटी. नव्या पर्समध्ये आणि बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या येतात, त्या फेकू नका, कपाटात टाका. डांबरगोळ्या मात्र नकोत, त्यांची वाफ काही प्लॅस्टिकच्या भागांना मानवत नाही. कपाट खिडकीसमोर नको, उन्हाने रंग विटतो आणि रबर कडक होऊन तडकतं. रबरी पट्ट्याखाली काच किंवा जाड पांढरा कागद ठेवा, नाहीतर फळीच्या रंगावर पट्ट्याचे डाग उमटतात. पट्टा तुटलाच तर हातशिलाई करू नका, नवे पट्टे विकत मिळतात. पण रंग परत मारू नका. उडालेल्या रंगाचा जुना बुलडोझर नव्याने रंगवलेल्यापेक्षा जास्त मोलाचा असतो. साडीची जुनी जर आणि नवी जर, तसंच काहीसं.

फार जुन्या, लढाईआधीच्या मॉडेलांना एक रोग होतो. धातूला बारीक भेगा पडतात, तो फुगतो, वाकतो आणि शेवटी हातात भुगा येतो. ओतताना जस्तात शिशाचा अंश राहिलेला असतो, त्यामुळे हे होतं. दमटपणाने वाढतं, उपाय नाही. एकाचं दुसऱ्याला लागतं अशी समजूत आहे, ती खोटी.

शिशावरून आठवलं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या खेळण्यांच्या रंगातही शिसं असे. माझी धाकटी नात दीड वर्षाची, हातात येईल ते तोंडात घालते. तो बुलडोझर दिवाणाखाली महिनोन् महिने पडून होता आणि ती तिथेच रांगत होती! जुनी रंगवलेली खेळणी, कितीही गोड दिसली तरी, लहान मुलाच्या हाती देऊ नका. नातवाला मी साध्या प्लॅस्टिकचा नवा आणून दिला. त्याने तो दोन दिवसांत मोडला, तेच बरं.

आणि एक वही

आता नानांच्या "फुकट मिळालं असं समज" कडे येऊ. असं उत्तर देणारे यजमान एकट्या वहिनींचेच नव्हते. किंमत सांगितली तर बायको रागावेल म्हणून हे लोक ती लपवतात. दीडशेची वस्तू पन्नासची सांगतात, आणि पन्नासची म्हणून आपण ती पन्नासच्या वस्तूसारखी वागवतो. पुढे हा माणूस नसतो तेव्हा त्या वस्तूचं मोल कुणालाच माहीत नसतं. रागवा हवं तर. पण दोनशे पानी वही आणा आणि त्यांना लिहायला बसवा. कोणती वस्तू, कुठून घेतली, कधी, किती रुपयांना, खोकं आहे की नाही आणि असेल तर कुठे. पोटावरचं नाव आणि नंबर. आणि शेवटच्या पानावर, अशा वस्तूंची जाण असलेल्या दोन माणसांची नावं, ज्यांना विचारल्याशिवाय काहीही विकायचं नाही. विम्याचे कागद असतात तिथे ही वही ठेवा. आमच्या यांना परवा एकाएकी अशी मॉडेलं जमवायची हुक्की आली. मी म्हटलं, जरूर, आधी वही. वही आली आहे. बुलडोझर अजून आलेला नाही.

लगेच विकायची घाई मात्र करू नका. घरातलं माणूस जाऊन वर्ष झालं की आपल्याला सगळं आवरून टाकायची घाई होते. शेजारीपाजारीही घाई करतात. मी केली.

संक्रांतीनंतर मी पुण्याला वहिनींकडे गेले. बुलडोझर मऊ मलमलीत गुंडाळून पर्समध्ये घेतला होता. रस्ताभर ठरवत होते, सांगायचं की नुसता देऊन यायचं. सांगितलं तर त्यांना चारशे दहा रुपयांचं दुःख होणार, नाही सांगितलं तर माझ्या पोटात राहणार. चहा झाला. सून ऑफिसला गेलेली होती. मी सगळं सांगितलं, खोक्यांचंही. वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आपण दोघी अडाणीच होतो म्हणायचं." रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी बुलडोझर काढून त्यांच्यापुढे टीपॉयवर ठेवला. त्यांनी तो उचलला नाही, आधी नुसता बघितला. येताना पर्समध्ये दांडी दाबली गेली असावी, पातं वर उचललेलं होतं. "असा नाही ठेवायचा," वहिनी म्हणाल्या. "धरणावर यंत्र बंद केलं की आधी पातं जमिनीला टेकवायचं. वर राहिलं आणि कुणी खाली गेलं तर? एकदा असं ठेवलं म्हणून ह्यांनी एका ऑपरेटरला सगळ्यांसमोर झापलं होतं. कपाटात सुद्धा सगळ्यांची पाती खाली असायची, तू बघितलं नाहीस कधी?"

मी नव्हतं बघितलं. वहिनींनी नखाने दांडी सरकवली आणि पातं टीपॉयवर टेकवलं.